बारा वाफ्यांची नावं

शरद मास्तरांनी पिशवीतून प्लॅस्टिक चढवलेला कागद काढला आणि कान्हूच्या हातात दिला. वर्षभर ते या कवीशी फक्त संगणकावरून बोलत होते. त्यांच्या डोळ्यांपुढे पेणच्या कॉलेजातला एखादा चष्मेवाला पोरगा होता. समोर बसला होता तो पंचेचाळिशीचा, केस पिकलेला, टाचांना भेगा पडलेला माणूस.

"घ्या. तुमची 'मिठागर'. आपल्या 'ओंजळ'मधली यंदाची सगळ्यात गाजलेली कविता!"

'ओंजळ' म्हणजे इंटरनेटवर जमलेलं हौशी कवींचं मंडळ. नव्याण्णव साल होतं. मराठी कविता इंग्रजी अक्षरांत लिहायची आणि मेलने सगळ्यांना पाठवायची. नागपूरपासून मस्कतपर्यंतची तीसेक माणसं त्यात होती, आणि रोह्यात बसून मास्तर त्या सगळ्यांच्या कविता तपासत. तसं त्यांना कुणी नेमलं नव्हतं, पण निवृत्त झाले तरी हातातला लाल पेन सुटला नव्हता. कुणाचीही कविता आधी एकट्या मास्तरांकडे जाई, ते सांगतील तिथे कापली जाई आणि मगच मंडळात येई.

"लय चांगलं केलंत, सर," कान्हू म्हणाला. कागद त्याने न वाचताच मांडीवर ठेवला. "पन मी तुमाला बोलावलं ते दुसऱ्या कामाला. ही कविता मी पयल्यांदा पाठवली व्हती ना तुमाला, लांबडी, ती पायजे व्हती."

"पहिली? तिच्यात तर ती भलीमोठी यादी होती."

"व्हय. तीच."

त्याने खाटेकडे पाहिलं. खाटेवर त्याची आई, हौसाबाई, भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात मांडीवर निर्जीव पडला होता. नजर मात्र लख्ख होती आणि ती मास्तरांवरच होती.

"आयनं चाळीस वर्सं मिठागरात काढली. बारा वाफे व्हते तिच्याकडं. परत्येकाला तिनं बाईचं नाव ठेवलेलं. मीठ उशिरा धरनारी ती उशिराची, पानी ठेवत नाय ती गळकी. आता सगळ्यावर भराव पडला. शिमग्यात तिला लकवा झाला, वाचा गेली. रोज जेवायच्या वक्ताला हात वर करते. नावं म्हन, आसं खुनावते. मला बारा येत नायत. मग ताट सारते."

"अहो, पण लिहून नव्हतं का घेतलंत?"

"घेतलं व्हतं ना. तिनं सांगितलं, मी कागदावर उतरवलं. पेन गावात सायबर कॅफेत जाऊन टाईप केलं नि कागद तितंच टाकला. वाटलं, संगनकात गेलं म्हंजे जपून ऱ्हायलं." कान्हू कसनुसं हसला. "आयच्या दुखन्यात तीन महिने जायला जमलं नाय, तर मेलवाल्यांनी माजं खातंच बंद केलं. आतलं सगळं पुसलं. पन तुमच्याकडं आसंल."

मेलच्या पेटीत जागा ती केवढीशी! दर महिनाअखेर मास्तर कच्च्या कविता पुसत आणि पक्क्या तेवढ्या ठेवत. या टापटिपीचा त्यांना कोण अभिमान! घरी जाऊन बघतो, असं म्हणावं आणि एस.टी. गाठावी, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. पण म्हातारी टक लावून बघत होती.

"कान्हूराव, ती मी पुसली."

कान्हू रागावला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"पन तुमी वाचली तर व्हती ना, सर," तो म्हणाला. "दोन-चार तरी आठवतील. बघा जरा."

मास्तरांनी डोळे मिटले. 'कवितेचा हजेरीपट झाला आहे. नावं काढा.' स्वतःचा शेरा त्यांना शब्दन्‌शब्द आठवला. त्यावर त्याच दिवशी आलेलं कान्हूचं 'जी सर'ही आठवलं. नाव मात्र एकही आठवेना. त्यांनी ती वाचलीच नव्हती, नुसती मोजली होती.

आतून कान्हूची बायको मालू सासूचं ताट घेऊन आली. भाकरी दुधात कुस्करलेली होती. ताट पाहताच हौसाबाईने डावा हात वर केला आणि अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर टेकवला.

"रुसकी," कान्हू म्हणाला.

अंगठा पुढच्या पेरावर सरकला.

"उशिराची. गळकी. थोरली जाव." तो सावकाश म्हणत होता आणि अंगठा एकेक पेर सरकत होता. "आंदळी. पावनी. लाडकी."

अंगठा मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरावर गेला आणि तिथे थांबला. कान्हूही थांबला. मालू ताट धरून तशीच उभी राहिली.

"आय, जेव आता," कान्हू म्हणाला. "बघ, रोह्यावरनं सर आलेत. तुजी कविता यांनीच दुरुस्त केली."

हौसाबाईने मान वळवली. तिचा चेहरा उजळला. अंगठा त्याच आठव्या पेरावर ठेवून तिने हात मास्तरांपुढे धरला.