बदलायचा राहिलेला नॉमिनी

"लग्न झालं की आधी नॉमिनी बदला," असं श्रीरंग कर भरायला आलेल्या प्रत्येकाला बजावायचा. स्वतःचा बदलायचं मात्र राहूनच गेलं. त्यामुळे तो गेल्यावर त्याचा जपून ठेवलेला, विचारलं की उत्तर देणारा आवाज नियमाप्रमाणे त्याच्या आईच्या कानात बसवला गेला. बायकोला, हेमलताला, त्यातलं अक्षरही ऐकू येणार नव्हतं.

दुपारी ती पानं वाढत असताना सासूबाईंनी कानावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"विचारतोय, हेमा जेवली का?"

हेमलताच्या हातातली पळी तशीच राहिली. सासूबाई कित्येक वर्षं ठार बहिऱ्या होत्या. त्यांनी डोळे उघडल्यावर, ओठ वाचता यावेत म्हणून ती अगदी सावकाश म्हणाली, "जेवले म्हणावं."