पाचवा सूर

आमच्या लहानपणी नोवी साद शहराच्या रेडिओवर संगणकाचे खेळ लागायचे, म्हणजे नुसती किरकिर. ती रेडिओसमोर माइक धरून कॅसेटवर घ्यायची, मग संगणकाला ऐकवायची, की खेळ सुरू! टेप करताना घरात कुणी हूं की चूं करायचं नाही. त्यांतला बेडकाचा खेळ बोयानाताईला परवा इंटरनेटवर सापडला, पण त्यातल्या गाण्याचा पाचवा सूर वेगळाच निघाला. "हे आपलं नाहीच," मी म्हटलं. "थांब रे, शहाण्या," म्हणत तिने माळ्यावरची कॅसेट काढून लावली. किरकिरीच्या मधोमध ठसका ऐकू आला. तिथेच आमचा सूर बिघडला होता. "तुम्हाला सांगितलं होतं ना, मिरच्या नंतर भाजा!" बाजूला बसलेली आई त्या ठसक्यावरच खेकसली. बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. या ठसक्याखेरीज त्यांचा आवाज आमच्याकडे कुठेच नव्हता. "परत लाव," ती म्हणाली, "आणि कुणी हूं की चूं करायचं नाही."