रिकामी नळी

अँटिबॉडी तपासणीसाठी डॉक्टरांपासून धोब्यापर्यंत हॉस्पिटलच्या अख्ख्या स्टाफचं रक्त मीच काढलं. “मला तर साधी शिंकही आली नाही,” धोबी म्हणाला. “आजार नकळत होऊन गेला असला, तरी रक्तात दिसतो,” मी म्हणालो. “म्हणजे न विचारता मुक्काम करून गेला की!” तो हसला. दुपारपर्यंत सगळ्या नळ्या भरल्या. माझ्या नावाची तेवढी रिकामी राहिली. “आता तुमचं. बाही वर करा,” यादी घेऊन बसलेल्या हेडसिस्टर म्हणाल्या. मलाही काहीच जाणवलं नव्हतं. बाबा मात्र त्याच आजाराने गेले. चार महिने त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. बाहेरून घरात येणारा मी एकटाच. “सुया संपल्या,” मी म्हणालो. समोरच सुयांचा अर्धा भरलेला खोका उघडा होता. सिस्टरांनी खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. झाकण लावलं, आणि यादीत माझ्या नावापुढे लिहिलं, ‘गैरहजर’.