चंदेरी कागद

सिस्टरनी जिभेखाली गोळी ठेवली आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. गोळी विरघळेपर्यंत दहा मिनिटं तोंड उघडायचं नाही. आठ महिने रोज हेच चाललंय. या गोळीच्या जोरावरच माझं गर्दचं व्यसन सुटलं.

"आता सिगारेटही सोडा," समोर बसत सिस्टर म्हणाल्या. "एक नशा दुसरीला उठवते, दादा. दंडावर लावायला निकोटीनची पट्टी देऊ आम्ही."

मी जोरात मान हलवली. बोलता येत असतं तर चांगलं सुनावलं असतं. बायको गेली, नोकरी गेली, गर्दही सोडून झाली. एवढी सिगारेट उरलीय, तीही काढून घ्या! सिगारेटने कधी कुणाचा संसार मोडलाय?

"दादा, हात बघा तुमचे."

मी खाली पाहिलं. खिशातलं सिगारेटचं पाकीट कधी काढलं, ते मला आठवेना. त्यातला चंदेरी कागद मांडीवर पसरलेला होता आणि माझ्या अंगठ्याचं नख त्याची एकेक सुरकुती घासून सपाट करत होतं. असल्याच कागदावर गर्दची पूड ठेवून, खालून पेटती काडी धरून, मी सहा वर्षं धूर ओढला होता.

दहा मिनिटं झाली. मी तोंड उघडलं. सिस्टरनी टॉर्च मारून जिभेखाली पाहिलं, वहीत खूण केली आणि हात पुढे केला.

"द्या तो कागद."

मला द्यायचाच होता. पण कागदावर आवळलेली मूठ उघडेचना.