खालचा टीव्ही

वरच्या मजल्यावर आम्ही, खाली सासूबाई. दोन राऊटर, दोन वेगळी नेटवर्क. एकाचं दुसऱ्याला दिसत नसे. नवऱ्याने पट्टा काढला की सासूबाई खाली टीव्हीचा आवाज वाढवायच्या. गेल्या महिन्यात माझं मनगट मोडलं, तर म्हणाल्या, "अगं बाई, पडलीस कुठे? मला मेलीला काही ऐकूच आलं नाही."

परवा नवरा गुरगुरला, "ऑफिसात दिवसभर लोकांची नेटवर्क जोडतेस ना? मग घरातली दोन जोड. आपल्या हार्डडिस्कवरचे सिनेमे आईला खालच्या टीव्हीवर दिसले पाहिजेत."

प्लास्टरमधला हात सांभाळत मी जिन्यातून केबल ओढली आणि दोन्ही राऊटरांना एकमेकांचा रस्ता दाखवला. सिनेमे दिसायला लागले. जाता जाता आमच्या खोलीतला, बाळावर लक्ष ठेवायचा कॅमेराही त्या टीव्हीला जोडला. कोणी ओरडलं की टीव्हीवर आपोआप चालू होईल असा.

आज याला चार्जर सापडेना. पहिला फटका पाठीवर बसला, मी ओरडले, आणि सासूबाईंनी सवयीने टीव्हीचा आवाज वाढवला.



जिन्यातून माझीच किंकाळी दुप्पट मोठी होऊन वर आली.