पोलादावरचा डाग

पोतदारशेठनी कमरेचं पोलादी रिव्हॉल्व्हर रिकामं करून काउंटरवर ठेवलं, तशी सुनंदाबाईंनी दुकानदाराला गळ घातली, "कासमभाई, यांना हलकं द्या. पेढीवरून आले की कंबर धरून बसतात."

कासमभाईंनी निम्म्या वजनाचं एक छोटं रिव्हॉल्व्हर पुढे केलं. "वागवायला सोपं आहे, वहिनी. पण उडवताना हाताला झटका जोरात बसतो. पोलादी असलं की निम्मा झटका तेच सोसतं."

"ऐकलंस? माझं जुनंच बरं," शेठ म्हणाले.

"अठ्ठावीस वर्षांत एकदा तरी उडवलंत का? वागवता मात्र रोज."

कासमभाई हसले. जुनं निरखताना मात्र त्यांच्या कपाळावर आठी पडली. "शेठ, बाकी सगळं आरशासारखं ठेवलंय. मग इथंच गंज कसा? ओलं काही लागतं का याला?"

"घाम," शेठ घाईनं म्हणाले.

सुनंदाबाईंनी वाकून पाहिलं. मुठीच्या वर बोटाच्या पेराएवढा गोल डाग होता. दर खंडेनवमीला पाटावर मांडलेल्या रिव्हॉल्व्हरला त्या नेमक्या तिथंच पाण्यात कालवलेलं कुंकू लावायच्या. शेठ रोज तेलाच्या फडक्यानं रिव्हॉल्व्हर पुसायचे, पण कुंकू दिवाळीपर्यंत तसंच असायचं. पुसायचं राहून जात असेल, असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं.

त्यांनी त्या डागावरून हळूच बोट फिरवलं आणि छोटं रिव्हॉल्व्हर नवऱ्यापुढे सरकवलं.

"हेच घ्या," त्या म्हणाल्या. "याला मी कोरडं कुंकू लावीन."