सुशीलाबाईचा दात

ओलावा मोजायचं यंत्र सकाळीच बंद पडलं होतं. सेवकराम कोंढ्याहून ट्रॉलीभर धान घेऊन राईस मिलच्या दारात उभा होता, आणि चार वाजता विजेची लाईन जाणार होती. ओलं धान मशीनमध्ये गेलं की तांदळाची नुसती कणी होते. सेवकरामचं वर्षभराचं पीक त्या ट्रॉलीत होतं.

मालक भैयाजींनी ऑपरेटर मनिषकडे पाहिलं. मनिषने सवयीने झाडू मारणाऱ्या सुशीलाबाईकडे.

"बाई, चावून सांगा बरं."

मनिष पोरगा वाईट नव्हता. तीन महिन्यांपूर्वी आला, तेव्हा धान चावून ओलावा कसा ओळखायचा ते तिनेच त्याला शिकवलं. ते त्याला अजून जमलं नव्हतं. हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, मात्र पहिल्या दिवसापासून तिच्या दुप्पट. म्हणजे चेला तुपाशी आणि गुरू उपाशी. सतरा वर्षं झाली, रजिस्टरात सुशीलाबाई झाडूवालीच होती.

तिने झाडू भिंतीला टेकवला. ट्रॉलीत कोपरापर्यंत हात खुपसून तळचा दाणा काढला आणि दाढेखाली चावला.

"काय म्हणते?" भैयाजींनी विचारलं.

"समजलं मले. पण सांगाच्या आधी माही हजेरी मनिषएवढी करा."

पोती शिवणाऱ्या बायांचे हात थांबले. मनिष खाली पाहू लागला.

"हे काय टाइम हाय का, बाई?" भैयाजी म्हणाले.

"बाकीच्या टायमाले मले कोण इचारते?"

सेवकराम रडकुंडीला आला होता. "बाई, माह्या धानानं तुमचं काय बिघडवलं?"

ते तिला लागलं. उद्या काम राहील की नाही याचीही खात्री नव्हती. तरी ती भैयाजींकडेच पाहत राहिली.

भैयाजी हसले. "अवो, थो मनिष मशीन चालवते. दात त सगळ्यायलेच असते. त्याचे कोणी पैसे देते का?"

सुशीलाबाईने पुन्हा ट्रॉलीत हात घातला. एक दाणा काढून भैयाजींच्या तळहातावर ठेवला.

"मंग तुमीच चावा."

चारला दहा मिनिटं होती. भैयाजींनी दाणा तोंडात टाकला. बाया उठून जवळ आल्या. मनिषचा हात मशीनच्या बटणावर होता.

"सांगा, भैयाजी," सेवकराम म्हणाला. "टाकू का?"

भैयाजी नुसतेच चावत राहिले.